सिबिल खराब झालंय? मोबाइलवरून नोंदी दुरुस्त करून घेण्याची पद्धत

मोंढ्याजवळच्या चौकात एखाद्या खांबावर कागद चिकटवलेला दिसतो : 'सिबिल वाढवून मिळेल'. खाली एक मोबाइल नंबर. त्यामागे एक तर निव्वळ फसवणूक असते, नाहीतर जे काम तुम्ही स्वतःच्या फोनवर फुकट करू शकता त्याचेच चार-पाच हजार घेतले जातात. स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुमची पत दाखवणारा आकडा, कुणालाच थेट वाढवता येत नाही. तो तुमच्या कर्जांच्या नोंदींवरून निघतो. नोंद चुकीची असेल तर ती बदलून घेता येते. बरोबर असेल तर कुठलंही ॲप, एजंट किंवा 'आतला माणूस' ती पुसू शकत नाही. म्हणून पुढचं सगळं स्कोअरबद्दल कमी आणि नोंदींबद्दल जास्त आहे.

आधी अहवाल, मग बाकी सगळं

'सिबिल' हा शब्द आपल्याकडे झेरॉक्ससारखा झालाय. प्रत्यक्षात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींना २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या पुढे असला की बँकेचा माणूस नीट बोलतो.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. पहिल्या खेपेला चारही काढा. एकाच कर्जाची नोंद एकीकडे 'बंद' आणि दुसरीकडे 'थकीत' असं सर्रास सापडतं. गटाचं कर्ज घेतलं असेल तर क्रिफचा अहवाल चुकवू नका. हाय मार्कची सुरुवातच मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे अशा छोट्या कर्जांच्या, नोंदींपासून झालेली आहे.

अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. पॅन, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल आणि ओटीपी एवढं लागतं. तीन ठिकाणी अडतं. पहिलं, फॉर्म भरला की महिन्याच्या आणि वर्षाच्या फीचे प्लॅन समोर येतात. फुकट अहवालाकडे जायची ओळ बारीक अक्षरात कुठेतरी कडेला असते, ती शोधा, कार्डाची माहिती टाकू नका. दुसरं, कर्ज घेतलं तेव्हाचा नंबर आता बंद असेल तर ओळख पटत नाही. मग जुन्या कर्जाबद्दल प्रश्न विचारले जातात किंवा ओळखपत्र अपलोड करावं लागतं. तिसरं, नाव पॅनवर जसं आहे तसंच टाका. कर्जाच्या कागदावर 'राव' असेल आणि पॅनवर नसेल तर 'राव' गाळा.

फोनवरची स्कोअर दाखवणारी ॲप्स वाईट नाहीत. दर महिन्याला नजर ठेवायला ती सोयीची, आणि स्वतःचा स्कोअर पाहिल्याने तो कमी होत नाही. पण एक ॲप बहुधा एक-दोन कंपन्यांचाच डेटा दाखवतं, आणि ते फुकट असण्याचं कारण म्हणजे त्यांना तुम्हाला कर्ज विकायचं असतं. 'प्री-अप्रूव्ह्ड' वर बोट टेकवून अर्ज केला की तुमच्या नावावर चौकशीची नोंद पडते, आणि आठवड्याभरात अशा चार-पाच नोंदी पडल्या की स्कोअर खाली येतो. नुसतं 'किती मिळतं बघू' म्हणून अर्ज करणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

अहवालाची पीडीएफ उतरवून ठेवा. पासवर्ड मागितला तर तो कसा बनवायचा हे सोबतच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. अहवालावर एक कंट्रोल नंबर, म्हणजे अहवालाचा क्रमांक, असतो. तो जपा, तक्रारीत तोच लागतो.

एक शीट बनवा

खरं उपयोगाचं सॉफ्टवेअर तुमच्या फोनमध्ये बहुधा आधीच आहे : गुगल शीट्स. एका कर्जाला एक ओळ. खाने असे :

बँक किंवा फायनान्स, खात्याचे शेवटचे ४ अंक, कर्जाचा प्रकार, नातं (स्वतः, सहकर्जदार, जामीनदार), शिल्लक, थकीत, कोणत्या तारखेची नोंद, स्थिती, माझ्या माहितीनुसार खरं काय, पुरावा कोणता, तक्रार कधी केली, मुदत कधी संपते.

शेवटच्या खान्यात तक्रारीच्या तारखेत ३० मिळवायचं सूत्र टाका. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले तर शीट त्यांना अक्षरं समजू शकतं आणि बेरीज शून्य दाखवतं. असं झालं तर कीबोर्ड इंग्रजी करून आकडे परत टाका. 'नातं' हा खाना तर अजिबात वगळू नका. आपल्याकडे भावकीत, दोस्तीत जामीन राहणं हे चहा पाजण्याइतकं सहज होतं. ज्याच्यासाठी सही केली त्याने ट्रॅक्टरचे हप्ते बुडवले की ते कर्ज 'गॅरंटर' म्हणून तुमच्या अहवालात थकीत दिसतं. ही नोंद चुकीची नसते. तिच्यावर उपाय एकच, त्या माणसाला गाठून हप्ते भरायला लावणं.

नोंदी वाचायच्या कशा

प्रत्येक कर्जाखाली महिनावार चौकटी असतात, सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांपर्यंत. त्यातला आकडा म्हणजे डीपीडी, हप्ता किती दिवस थकला ते. '०००' किंवा 'एसटीडी' म्हणजे ठीक. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्याला घाबरू नका. 'एसयूबी', 'डीबीटी', 'एलएसएस' म्हणजे खातं बुडीत होण्याच्या चढत्या पायऱ्या.

समजा दुचाकीचा हप्ता ३,२४० रुपये आहे. ५ मार्चला खात्यात पैसे नव्हते, हप्ता परतला. ९ मार्चला तुम्ही ३,२४० भरले आणि विसरून गेलात. पण परतीच्या दंडाचे ५९० बाकी राहिले. काही ठिकाणी आलेली रक्कम आधी दंडाला वळते केली जाते, मग हप्त्यातलेच ५९० रुपये अपुरे राहतात. पुढचे सगळे हप्ते वेळेवर गेले तरी चौकटीत ०३०, ०६०, ०९० असा आकडा चढत जाऊ शकतो. अहवाल हातात आल्यावर माणूस म्हणतो, 'मी तर एकही हप्ता चुकवला नाही.' थकीत रकमेचा आकडा हप्त्यापेक्षा लहान आणि विचित्र दिसला की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. फायनान्सच्या ॲपमधून कर्जखात्याचा उतारा काढा, दंड कुठे लागला ते शोधा, तेवढी रक्कम भरून पावती घ्या.

स्थितीच्या खान्यात दोन शब्द जड आहेत. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडून हिशेबातून बाजूला काढलं. तुमचं देणं माफ झालेलं नसतं. 'सेटल्ड' म्हणजे एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडून खातं मिटवलं. तडजोडीच्या वेळी वसुलीवाला 'आता सगळं क्लिअर' म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. पण पुढच्या बँकेला 'सेटल्ड' दिसलं की फाइल बाजूला पडते.

मराठवाड्यात हमखास सापडणाऱ्या चुका

जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख गावात निम्म्या लोकांची असते. त्यात नाव-आडनाव सारखं, गाव एक, पिनकोड एक. मग एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसतं. अशी उपरी नोंद दिसली तर त्या खात्यासमोर अहवालात कोणता पॅन, कोणता पत्ता, कोणता मोबाइल आहे ते पाहा. तक्रारीत 'हे खातं माझं नाही' हा पर्याय निवडा. रक्कम चुकीची आहे असं लिहू नका, त्याने खातं तुमचं असल्याचं तुम्हीच कबूल करता.

पीककर्ज नवं-जुनं करणे. दरवर्षी जुनं खातं भरून नवं उघडलं जातं. काही वेळा जुनं खातं बंद झाल्याची माहिती पुढे जातच नाही आणि अहवालात दोन-तीन पीककर्जं एकाच वेळी चालू दिसतात, त्यातली जुनी थकीत. पुरावा म्हणून त्या वर्षीचा खातेउतारा आणि बेबाकी दाखला (काहीही देणं बाकी नसल्याचा) लागतो.

जुन्या बँकांची नावं. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तिच्या शाखा आपल्या आठही जिल्ह्यांत होत्या. एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी दिसत असेल तर उघडल्याची तारीख आणि मंजूर रक्कम जुळवून पाहा. दोन्ही जुळली तर ती दुबार नोंद आहे, आणि तक्रार आताच्या बँकेच्या शाखेकडे करायची.

कर्जमाफी. २०१७ च्या किंवा २०१९ च्या योजनेत नाव आलं असेल तर ते खातं कसं बंद दाखवलंय ते बघा. शासनाकडून पूर्ण रक्कम जमा होऊनही 'रिटन ऑफ' किंवा थकीत दिसत असेल तर शाखेकडून पूर्ण रक्कम जमा झाल्याचा लेखी दाखला घ्या आणि त्यावर तक्रार करा.

याच्या उलटही असतं. गावच्या सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं कर्ज वीस वर्षं बिनचूक फेडलेल्या माणसाच्या अहवालात 'हिस्टरी नाही' असा शेरा येतो, कारण तिथल्या नोंदी बहुधा या कंपन्यांपर्यंत पोचतच नाहीत. हे खराब सिबिल नव्हे, कोरं सिबिल आहे. त्याचा उपाय पुढे येतो.

तक्रार नोंदवणे

शीटमधल्या ओळींची विभागणी करा : नोंद चूक; नोंद बरोबर आणि पैसे बाकी; नोंद बरोबर आणि पैसे फिटलेले. ऑनलाइन तक्रार फक्त पहिल्या गटासाठी. दुसऱ्यासाठी ती केली तर बँक 'नोंद योग्य' म्हणून परत पाठवते आणि तुमचा महिना जातो.

कागद आधी स्कॅन करा. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचा पर्याय आहे. नुसत्या फोटोपेक्षा तो बरा, शिक्का वाचता येतो. फाइलला 'आयएमजी' अमुक तमुक असं नाव राहू देऊ नका. बँक, शेवटचे ४ अंक, कागदाचा प्रकार असं नाव द्या. आधार-पॅन डिजिलॉकरमधून घ्या.

मग संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'डिस्प्यूट' विभागात जा, खातं निवडा, नेमका खाना निवडा. एकाच फॉर्ममध्ये सगळं रामायण लिहू नका. कंपनी स्वतः काही बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तरच बदलते. म्हणून त्याच दिवशी बँकेलाही अर्ज द्या. शाखेत मराठी अर्ज चालतो :

'माझ्या कर्जखात्याची (शेवटचे अंक ४४१७) परतफेड दि. १२/०३/२०२३ रोजी पूर्ण झाली असून बेबाकी दाखला सोबत जोडला आहे. अहवाल क्रमांक अमुक मध्ये हे खाते चालू व थकीत रक्कम ५९० दिसते. ही नोंद "बंद, थकीत शून्य" अशी दुरुस्त करून चारही पतमाहिती कंपन्यांकडे पाठवावी. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास देय भरपाई माझ्या खाते क्रमांक अमुक मध्ये जमा करावी.'

दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारखेचा शिक्का घ्या. 'साहेब रजेवर आहेत, ठेवून जा' याला बळी पडू नका. शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज बँकेच्या तक्रार-ईमेलवर पाठवा. इंग्रजीत हवा असेल तर एआय चॅट ॲप चांगला मसुदा करून देतं, मराठीत बोलून सांगितलं तरी. दोन पथ्यं मात्र पाळा. पॅन, आधार, पूर्ण खाते क्रमांक त्यात टाकू नका, मसुदा आल्यावर हाताने भरा. आणि त्याने कायद्याची कलमं घातली असतील तर काढून टाका, ती अनेकदा मनाची असतात.

३० दिवस मोजायचे

२६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे : तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले २१ दिवस दुरुस्त माहिती पाठवायला बँकेला. तिने वेळेत पाठवूनही उशीर झाला तर भरपाई पतमाहिती कंपनी देते. १ जुलैला तक्रार केली, ३१ जुलैला मुदत संपली आणि काम २० ऑगस्टला झालं तर २,००० रुपये होतात. नकार दिला तर त्याचं कारणही कळवावं लागतं. शीटमधली मुदतीची तारीख गुगल कॅलेंडरमध्ये टाका, एक सूचना २१ व्या दिवशी आणि एक ३१ व्या दिवशी.

मुदत उलटली किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेत आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा नसेल तर ही तक्रार बाद होते. पोचेचा तो शिक्का इथे कामी येतो.

पैसे खरंच बाकी असतील तर

आधी लहान रकमा संपवा. मोबाइल हप्त्यावर घेतलेला, ॲपवरून 'नंतर भरा' म्हणून केलेली सातशे रुपयांची खरेदी, क्रेडिट कार्डाची वार्षिक फी : या बारीक थकबाक्या मोठ्या कर्जाइतक्याच ठळक दिसतात आणि आठ दिवसांत मिटू शकतात. पैसे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून भरा. वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका, ती रक्कम खात्याला लागली की नाही हे नंतर कुणी सांगत नाही.

तडजोड करण्याआधी लेखी विचारा : खातं 'क्लोज्ड' दाखवणार की 'सेटल्ड'? आधीच 'सेटल्ड' झालं असेल तर सोडलेली बाकी रक्कम भरून बेबाकी दाखला आणि 'क्लोज्ड' अशी नोंद मागता येते. मोठी रक्कम असेल तर परवडतंच असं नाही. पण तीन-चार हजारांसाठी घरकर्ज अडलं असेल तर तो सौदा स्वस्त आहे.

जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात. तेव्हा भरल्यानंतर तीन-चार आठवडे थांबा, मगच पुन्हा तपासा. जुने ०६०, ०९० मात्र तसेच राहतात. नव्या चौकटी भरतील तसे ते मागे ढकलले जातात.

पुढचे हप्ते चुकू नयेत म्हणून

हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची सोय केली तर निम्मी कटकट जाते. पण कपात भल्या सकाळीही होते, त्यामुळे पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. कॅलेंडरची सूचना तीन दिवस आधीची ठेवा, त्याच दिवशीची काही कामाची नाही.

पगारदाराला हे पुरतं. शेतकऱ्याचं गणित वेगळं आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस त्यानंतर, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीने, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला. शीटमध्ये बारा महिन्यांच्या बारा ओळी करा, एका खान्यात येणारा पैसा, दुसऱ्यात हप्ते. बहुतेकांचा खड्डा जूनमध्ये बी-बियाण्याच्या वेळी आणि सप्टेंबरमध्ये दिसतो. आडतीवरून पट्टी मिळाली त्याच दिवशी त्या खड्ड्याएवढी रक्कम हप्त्याच्या खात्यात वेगळी टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवू नका. नवं कर्ज काढताना सहामाही हप्ता मिळतो का हे आधीच विचारा. ट्रॅक्टरला तो अनेकदा मिळतो. सोनेतारणाची मुदतही याच शीटमध्ये लिहा. वर्षभर कुणी आठवण काढत नाही आणि मुदत उलटली की तेही थकीत दिसतं.

सिबिल कोरं असेल किंवा नुकतंच सावरत असेल तर बँकेत १५-२० हजारांची मुदत ठेव करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. मर्यादेच्या ३० टक्क्यांहून जास्त वापरू नका, १५ हजारांची मर्यादा असेल तर साडेचार हजारांपर्यंत. पेट्रोल आणि रिचार्ज एवढंच त्यावर चालवा आणि 'मिनिमम' नव्हे, पूर्ण बिल भरा. सहा महिन्यांत अहवालात दाखवण्यासारखं काहीतरी दिसू लागतं.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी), 'सिबिल फ्री चेक' नावाची असली तरी, उघडू नका. तीत ओटीपी वाचणारं सॉफ्टवेअर असू शकतं. उघडून बसला असाल तर फोनचा डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा.

दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला की लगेच पार्टी नको. नवा अहवाल काढा, जुन्याशेजारी ठेवा आणि शीटमधली एकेक ओळ जुळवा. एका कंपनीने बदल केला म्हणजे उरलेल्या तिघींनी केला असं नसतं. जिथे राहिला असेल तिथे तोच अर्ज, तेच कागद, फक्त अहवालाचा क्रमांक नवा.